संवादाचा शेवट कोणी करावयाचा? : सॉकेट बंद करण्याच्या रीतींचा इतिहास

प्रस्तावना

संगणक-जाळ्यांच्या इतिहासात दोन यंत्रांमधील जोडणी कशी जुळते याचे वर्णन सविस्तर येते. टीसीपीचे त्रिपदी हस्तांदोलन पदवीच्या प्रत्येक क्रमिक पुस्तकात आकृतीसह छापलेले असते. जोडणी संपते कशी, या प्रश्नाला मात्र तेथे अर्धे पानही मिळत नाही. वास्तविक टीसीपीच्या मूळ विनिर्देशात जोडणीच्या ज्या अकरा अवस्था सांगितल्या आहेत, त्यांपैकी जुळणीच्या वाट्याला तीन आणि समाप्तीच्या वाट्याला सहा अवस्था येतात. एवढ्यावरूनच अवघड भाग कोणता, हे ध्यानात यावे.

प्रस्तुत लेखात या समाप्तीचा इतिहास पाहावयाचा आहे. युनिक्सच्या विविध शाखा, विंडोज आणि लिनक्स यांनी एकाच नावाच्या क्रियेला वेगवेगळे अर्थ दिले. या भेदांची नोंद सामान्यतः तांत्रिक गैरसोय म्हणून केली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे मूळ अधिक खोल आहे. संवाद संपविणे आणि मालकीची वस्तू टाकून देणे या दोन भिन्न कृती आहेत. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्या एकाच क्रियापदाखाली आल्या, आणि पुढील चार दशकांतील बहुतेक वाद त्या एकीकरणातून निघाले.

आर्पानेटचा वारसा

'सॉकेट' हा शब्द बर्कलीचा नव्हे. आर्पानेटच्या यजमान-संगणकांमधील पहिल्या नियमावलीच्या चर्चेत, म्हणजे १९७० साली, तो रूढ झालेला दिसतो. त्या वेळच्या एनसीपी या नियमावलीत सॉकेट म्हणजे केवळ एक क्रमांक होता आणि जोडणी एकेरी असे : एका टोकाला पाठविणारे सॉकेट, दुसऱ्या टोकाला घेणारे. समाप्तीसाठी 'सीएलएस' ही आज्ञा होती. ती दोन्ही बाजूंनी पाठविली गेल्यावरच जोडणी संपली असे मानले जाई. ही व्यवस्था सोपी राहू शकली, कारण खालचे जाळे पॅकेटे क्रमाने आणि खात्रीने पोचविते असे गृहीत धरलेले होते.

विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी मे १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने हे गृहीतक सोडून दिले. उपग्रह, रेडिओ आणि तारा अशी भिन्न जाळी एकमेकांस जोडावयाची, तर पॅकेट हरवणार, उलटसुलट क्रमाने येणार आणि कधी कधी फार उशिरा येणार, हे मान्य करणे भाग होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आरएफसी ६७५ हा पहिला तपशीलवार विनिर्देश निघाला. त्याच्या तीन लेखकांपैकी एक, योगेन दलाल, हे मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर होते. सर्फ आणि कार्ल सनशाईन हे अन्य दोघे. उशिरा येणाऱ्या जुन्या पॅकेटांचे संकट रे टॉमलिन्सन यांनी १९७५ साली क्रमांक-निवडीच्या संदर्भात मांडले. संपलेल्या जोडणीचे एखादे भटके पॅकेट त्याच दोन टोकांमधील नव्या जोडणीत शिरले, तर ते परके आहे हे ओळखावयाचे कसे, हा तो प्रश्न होता.

त्याच १९७५ साली अक्कोयुनलू, एकनाधम आणि ह्यूबर यांच्या निबंधात आणखी मूलभूत अडचण पुढे आली. जेथे निरोप हरवू शकतो, तेथे 'आपले दोघांचे बोलणे संपले' यावर दोन्ही पक्षांचे निःशंक एकमत कधीच होऊ शकत नाही. शेवटच्या निरोपाची पोच आली नाही तर तो पोचला किंवा नाही हे पाठविणाऱ्यास कळत नाही. पोचेची पोच मागावी, तर हा क्रम अनंत होतो. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये दोन सेनापतींच्या दृष्टान्ताने हीच गोष्ट प्रसिद्ध केली.

सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये, ज्याचे संपादन जॉन पोस्टेल यांनी केले, या अशक्यतेवर एक व्यवहारी तोडगा आढळतो. प्रत्येक बाजू 'फिन' हा संकेत स्वतंत्रपणे पाठविते. त्याचा अर्थ 'माझे सांगून झाले' एवढाच. ऐकणे चालूच असते. मराठी घरातून निघताना पाहुणा 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, तशातलाच हा प्रकार : उठण्याची सूचना झाली तरी उंबऱ्यावरचे बोलणे शिल्लक असते. ज्या बाजूने प्रथम 'फिन' पाठविला तिने सारे आटोपल्यावरही काही काळ त्या जोडणीची आठवण ठेवावयाची. या अवस्थेस 'टाइम-वेट' असे नाव पडले. पॅकेटाचे जास्तीत जास्त आयुष्य २ मिनिटे धरून प्रतीक्षेचा काळ त्याच्या दुप्पट, म्हणजे ४ मिनिटे, ठरविला गेला. हा आकडा केवळ अभियांत्रिकी अंदाज आहे आणि अनुभवानुसार बदलता येईल, अशी कबुली विनिर्देशातच दिलेली आहे. या सभ्य मार्गाखेरीज तडकाफडकी तोडण्याचा 'रीसेट' हा मार्गही होता. त्यात कोणी कोणाची वाट पाहत नाही, आणि वाटेत असलेली माहिती नष्ट होते.

बर्कलीचे एकीकरण

१ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने एनसीपी सोडून टीसीपी/आयपी स्वीकारले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ४.२ बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती बर्कलीहून बाहेर पडली. बिल जॉय, सॅम लेफलर प्रभृतींनी तीत जाळ्याचे टोक आणि फाइल यांना एकाच कुळात बसविले. सॉकेट उघडले की फाइलप्रमाणेच एक लहानसा डिस्क्रिप्टर-क्रमांक मिळतो, फाइलप्रमाणेच वाचता-लिहिता येते, आणि फाइलप्रमाणेच 'क्लोज' करता येते. या कल्पनेचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. पूर्वी लिहिलेली कितीतरी साधने एका अक्षराचाही बदल न करता जाळ्यावर चालू लागली.

परंतु फाइल बंद करताना पलीकडे कोणी बोलत नसते. युनिक्समध्ये 'क्लोज'चा अर्थ 'माझ्याकडील हा क्रमांक मला नको' इतकाच आहे. सर्व्हर नव्या ग्राहकासाठी 'फोर्क' करून अपत्य-प्रक्रिया निर्माण करतो, तेव्हा एकाच सॉकेटचे दोन वाटेकरी होतात. पालकाने आपला वाटा सोडला म्हणून ग्राहकाला 'फिन' जाता कामा नये. तेव्हा शेवटचा वाटेकरी गेल्यावरच समाप्ती, असा नियम झाला. मग संवाद खरोखर संपवावयाचा असेल तर काय करावे? त्यासाठी 'शटडाउन' ही निराळी हाक ४.२ बीएसडीत देण्यात आली. ती वाटेकऱ्यांची संख्या पाहत नाही. वाचन, लेखन किंवा दोन्ही बाजू थेट जोडणीवरच बंद करते.

हिचा उपयोग कोणास, असा प्रश्न त्या काळी अनेकांना पडला असावा. रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या १९९४ च्या ग्रंथातील उदाहरण येथे उद्बोधक आहे. दूरच्या यंत्रावर 'सॉर्ट' चालवून आपली फाइल तिच्याकडे क्रम लावण्यास पाठविली, तर शेवटची ओळ आल्याखेरीज 'सॉर्ट' पहिली ओळही बाहेर काढू शकत नाही. म्हणजे 'माझे संपले' हे कळविलेच पाहिजे. पण उत्तर यावयाचे असल्याने जोडणी जिवंतही राहिली पाहिजे. अर्धबंद जोडणीवाचून हे साधत नाही. वितरणाची आज्ञा वेगळी ठेवून बर्कलीने तत्त्व सांभाळले, हे मान्य करावयास हवे. दुर्दैव असे, की शिकाऊ प्रोग्रॅमरच्या हाती प्रथम 'क्लोज' येते आणि ते बहुतेक वेळा काम भागवते.

या एकीकरणाचा आणखी एक परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही. प्रक्रिया कोसळली तर युनिक्सचे कर्नेल तिची सारी डिस्क्रिप्टरे आपण होऊन बंद करते, आणि त्यामुळे पलीकडे नेहमीचाच सभ्य 'फिन' जातो. निरोप घेऊन गेलेला आणि बोलता बोलता मरण पावलेला, हे दोघे ऐकणाऱ्यास सारखेच दिसतात. मे १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये नोंदविलेल्या एचटीटीपी १.० मध्ये लांबी सांगितलेली नसेल तेव्हा पानाचा शेवट जोडणी बंद होण्यावरूनच ओळखला जाई. तेथे अर्धवट पान आणि पूर्ण पान यांत भेद करणे अशक्य होते. सुरक्षित जोडणीच्या बाबतीत हा दोष घातक ठरला. वाटेतील शत्रूने बनावट 'फिन' घुसविला तर संदेश कापला गेल्याचे कोणासही कळणार नाही. म्हणून एसएसएल ३.० मध्ये, आणि पुढे जानेवारी १९९९ च्या टीएलएस १.० मध्ये, समाप्तीची स्वतंत्र, सांकेतिक संरक्षण असलेली सूचना घालावी लागली.

एटी अँड टीची वेगळी वाट येथे थोडक्यात नोंदवितो. सिस्टीम ५ च्या तिसऱ्या आवृत्तीतील टीएलआय या संचात सभ्य मुक्तता आणि तडकाफडकी विच्छेद यांसाठी दोन पृथक हाका होत्या. कारण ओएसआयच्या वाहतूक-स्तरात सभ्य समाप्ती नव्हतीच, ती वरच्या सत्र-स्तराकडे सोपविली होती. शब्दांची स्पष्टता येथे बर्कलीपेक्षा निश्चितच अधिक होती. तरीही बाजी सॉकेटने मारली, आणि सिस्टीम ५ च्या चौथ्या आवृत्तीत एटी अँड टीलाही सॉकेटचा संच द्यावा लागला.

विंडोजचा स्वीकार आणि नकार

ऑक्टोबर १९९१ मध्ये सॅन होजे येथील इंटरॉप प्रदर्शनात मार्टिन हॉल यांनी विंडोजसाठी एकच सॉकेट-मानक असावे असा विषय काढला. जून १९९२ मध्ये विनसॉक १.० आणि जानेवारी १९९३ मध्ये १.१ ही आवृत्ती निघाली. त्या वेळचे विंडोज ३.१ सहकारी पद्धतीचे होते : एक प्रोग्रॅम अडून बसला की सारे यंत्र थांबे. शिवाय तेथे सॉकेट म्हणजे फाइल नव्हती; जाळ्याचे काम एका वेगळ्या वाचनालयाकडे असे आणि ते वाचनालय वेगवेगळ्या कंपन्यांचे असू शके. म्हणून 'क्लोज' हे नाव टाकून 'क्लोजसॉकेट' घ्यावे लागले, आरंभी 'डब्ल्यूएसए-स्टार्टअप' आणि अखेरीस 'डब्ल्यूएसए-क्लीनअप' म्हणण्याचा दंडक आला. जितक्या वेळा आरंभ केला तितक्याच वेळा आवराआवर करावी लागते. समाप्तीची वार्ता 'एफडी-क्लोज' या संदेशाने खिडकीकडे येई.

युनिक्सवरून आलेल्या प्रोग्रॅमरांनी या साऱ्याची पुष्कळ टिंगल केली. ती सर्वस्वी न्याय्य वाटत नाही. फाइलीचे रूपक सोडावे लागल्यामुळेच विनसॉकच्या लेखकांना जोडणीची समाप्ती आणि सॉकेटची विल्हेवाट या दोन गोष्टी भिन्न आहेत हे उघडपणे लिहावे लागले. विनसॉक २ च्या दस्तऐवजांत 'आधी पाठविण्याची बाजू बंद करा, मग शून्य येईपर्यंत वाचत राहा, त्यानंतरच सॉकेट टाका' हा क्रम ज्या स्पष्टतेने दिला आहे, ती स्पष्टता युनिक्सच्या त्या काळच्या नियमपुस्तिकांत सापडत नाही.

मात्र त्याच नावांखाली अर्थ बदलले, हेही खरे. वाचनाची बाजू बंद केल्यावर माहिती आली तर बर्कली-कुळातील प्रणाली तिची पोच देऊन ती मुकाट्याने फेकून देतात. लिनक्स ती स्वीकारते आणि वाचूही देते. विंडोज जोडणीच 'रीसेट' करते. पत्ता पुन्हा वापरण्याच्या सवलतीचेही तसेच. युनिक्सवर ती 'टाइम-वेट'मधील पोर्ट लगेच घेता यावे म्हणून असते. विंडोजवर तिच्यामुळे दुसऱ्याचे चालू पोर्टही बळकावता येई. हे चौर्य रोखण्यासाठी एनटी ४.० च्या चौथ्या सर्व्हिस पॅकमध्ये 'एकट्याच्या वापराची' नवी सवलत आणावी लागली. बंद जोडणीवर लिहू गेल्यास युनिक्स 'सिगपाइप' हा संकेत देते आणि बेसावध प्रोग्रॅम जागीच संपतो. विंडोजवर केवळ त्रुटी-क्रमांक मिळतो. 'लिंगर' या सवलतीतील मुदत पॉसिक्सनुसार सेकंदांत, तर ४.४ बीएसडीत घड्याळाच्या ठोक्यांत मोजली जाते. ॲपलच्या प्रणालीत आजही ठोक्यांसाठी एक आणि सेकंदांसाठी दुसरी, अशा दोन सवलती शेजारी शेजारी नांदतात.

वेब-सर्व्हरांचे दशक

वेबचा प्रसार होईपर्यंत ही सारी चर्चा तज्ज्ञांपुरती होती. प्रत्येक चित्रासाठी नवी जोडणी उघडणाऱ्या एचटीटीपीने ती सार्वजनिक केली. जोडणी प्रथम बंद करणारा सर्व्हर असल्याने 'टाइम-वेट'चा भार त्याच्याच स्मृतीवर पडू लागला. येथे प्रणालींनी आरएफसीचा आकडा आपापल्या मगदुराप्रमाणे वाकविला : बर्कली-कुळाने आणि लिनक्सने ६० सेकंद, तर विंडोज एनटीने विनिर्देशाला धरून २४० सेकंद. फेबर, टच आणि यू यांनी १९९९ मध्ये या भाराचा अभ्यास करून तो ग्राहकाकडे सरकविण्याचे उपाय सुचविले.

'फिन-वेट-२' ही अवस्था याहून त्रासदायक निघाली. सर्व्हरने आपला 'फिन' पाठविला, पोच आली, आणि ग्राहक मात्र स्वतःचा 'फिन' न पाठविताच गप्प बसला, तर विनिर्देशानुसार अनंतकाळ थांबावे लागते. बर्कलीने नियम मोडून येथे सुमारे ११ मिनिटांची मर्यादा घातली होती. सनओएस ४ मध्ये ती मर्यादा नव्हती. १९९७ च्या सुमारास अपाची १.२ वापरणाऱ्या अशा यंत्रांवर या मृतप्राय जोडण्या साचत गेल्या, आणि अपाचीच्या कर्त्यांना या एकाच विषयावर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध करावे लागले.

खरी हानी आणखी एका ठिकाणी होत होती. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ नुसार, न वाचलेली माहिती शिल्लक असताना 'क्लोज' केले तर प्रणालीने 'रीसेट' पाठवावा; माहिती गमावली हे पलीकडे कळले पाहिजे, हा हेतू. मार्च १९९९ च्या आरएफसी २५२५ ने तर असा 'रीसेट' न पाठविणे हा दोष म्हणून नोंदविला. आता समजा, ग्राहक मोठी फाइल पाठवीत आहे, सर्व्हर मध्येच 'फाइल मर्यादेबाहेर आहे' असे उत्तर लिहून जोडणी बंद करतो. न वाचलेले बाइट शिल्लक असल्याने 'रीसेट' जातो. आणि 'रीसेट' पोचताच ग्राहकाकडील अनेक प्रणाली आलेले पण न वाचलेले उत्तरही टाकून देतात. वापरणाऱ्यास नकाराचे कारण दिसत नाही, केवळ 'जोडणी तुटली' एवढेच दिसते. दोन्ही बाजूंनी नियम तंतोतंत पाळले तरी निरोप हरवतो, ही या इतिहासातील सर्वांत बोलकी घटना म्हणावी लागेल. अपाचीने यावर रेंगाळत बंद करण्याची रीत काढली : लेखनाची बाजू बंद करावयाची, येणारी माहिती वाचून फेकीत राहावयाची, आणि ग्राहक गेल्यावर किंवा फार तर ३० सेकंदांनी सॉकेट टाकावयाचे. जून २०१४ च्या आरएफसी ७२३० ने हीच रीत सर्व सर्व्हरांना सांगितली. कर्नेलने करावयाचे काम अशा रीतीने प्रोग्रॅमच्या गळ्यात पडले.

थोडक्यात आवरू पाहणाऱ्यांची फजितीही नमूद केली पाहिजे. लिनक्सने 'टाइम-वेट' लवकर मोकळी करण्यासाठी 'टीडब्ल्यू-रीसायकल' ही कळ दिली होती. ती प्रत्येक पत्त्याच्या कालमुद्रेची आठवण ठेवी आणि जुनी वाटणारी विनंती गुपचूप टाकून देई. एका पत्त्याआड एक यंत्र, हे तिचे गृहीतक होते. एकाच सार्वजनिक पत्त्याआडून शेकडो यंत्रे बोलू लागल्यावर काहींच्या विनंत्या कोणत्याही खुलाशाविना नाहीशा होऊ लागल्या. २०१७ मध्ये लिनक्सच्या ४.१२ आवृत्तीतून ही कळ काढून टाकण्यात आली.

एका क्रमांकाचे अनेक धनी

थ्रेडचा वापर वाढल्यावर जुन्या प्रश्नाने नवे रूप घेतले. एक थ्रेड 'ॲक्सेप्ट'मध्ये थांबला असताना दुसऱ्याने तेच सॉकेट बंद केले, तर थांबलेल्याचे काय? सोलारिस त्याला त्रुटी देऊन जागे करते. लिनक्स त्याला तसाच थांबू देते. 'शटडाउन' केले तर मात्र लिनक्सवर तो जागा होतो, जरी ऐकणाऱ्या सॉकेटला तोडण्यासारखी जोडणीच नसते. २०१५ साली सोलारिसच्या बाजूने ही लिनक्सची चूक म्हणून नोंदविली गेली. पॉसिक्सप्रमाणे न जोडलेल्या सॉकेटवरील 'शटडाउन'ने त्रुटी द्यावयास हवी, असा आक्षेप होता. लिनक्सच्या बाजूचे उत्तर असे, की हे वर्तन जुने आहे, कित्येक प्रोग्रॅम त्यावर विसंबून आहेत, आणि एका थ्रेडने वापरात असलेला क्रमांक दुसऱ्याने सोडणे हाच मुळात घातक प्रकार आहे. तो क्रमांक क्षणात निराळ्या फाइलीस मिळू शकतो. दोन्ही पक्षांत तथ्य होते. जावाच्या कर्त्यांना तर लिनक्सवर कोणता थ्रेड कोणत्या क्रमांकावर अडला आहे याची स्वतंत्र यादी ठेवून, संकेत पाठवून त्यांना जागे करण्याची यंत्रणा आधीपासूनच लिहावी लागली होती.

याच कुळातील आणखी एक वाद 'क्लोज' मध्येच खंडित झाल्यास क्रमांक सुटला की नाही हा आहे. लिनक्सवर तो सुटलेला असतो, एचपी-यूएक्सवर नसतो. पहिल्या ठिकाणी पुन्हा 'क्लोज' करणे धोक्याचे, दुसऱ्या ठिकाणी न करणे गळतीचे. पॉसिक्सने हे दीर्घकाळ अनिश्चितच ठेवले होते. २०२४ च्या आवृत्तीत 'पॉसिक्स-क्लोज' ही निराळी हाक आणून वर्तन निवडण्याची सोय झाली.

मे २०२१ च्या आरएफसी ९००० मधील क्विक या नियमावलीने सॉकेटचे जुने व्याकरण बरेचसे बाजूला ठेवले. तेथे अर्धबंद होण्याची सोय जोडणीला नाही, तीमधील प्रवाहांना आहे. जोडणी संपविल्यावर आठवण ठेवण्याचा काळ ४ मिनिटांसारखा ठरीव नसून प्रत्यक्ष मार्गावर मोजलेल्या विलंबावरून काढलेल्या मुदतीच्या किमान तिप्पट धरावयाचा असतो. जोडणीची स्थिती सामान्यतः कर्नेलकडे नसून प्रोग्रॅमकडेच असते, त्यामुळे प्रोग्रॅम कोसळला की त्याच्या वतीने 'फिन' पाठविणारे कोणी उरत नाही. त्यासाठी आधीच १६ बाइटांची एक खूण देऊन ठेवण्याची तजवीज आहे : सारे विसरलेल्या यंत्राकडे जुन्या जोडणीचे पॅकेट आले, तर ते ही खूण परत पाठविते, आणि आपण ज्याच्याशी बोलत होतो त्याला आता काही आठवत नाही, हे पलीकडच्यास त्यावरून समजते.